डब्यावरचं नाव नको, चिपचा आकडा विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि जुना लॅपटॉप बाळगून असलेल्या अनेकांनी लिनक्सची वाट धरली. उबुंटू किंवा मिंटचा पेनड्राइव्ह लावायचा, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, थोडा वेळ थांबायचं. वायफाय चालतं, आवाज येतो, प्रिंटर छापतो, आणि ‘चालतंय की’ म्हणून माणूस कामाला लागतो. अशा वाचकाने पुढचं वाचलंच पाहिजे असं नाही.

माझं आवाहन आहे ते पुढच्या पायरीवर उभ्या असलेल्यांना. सोलापूरच्या वालचंद किंवा ऑर्किडसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणारी, बीसीए-बीएस्सी करणारी पोरं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचे संगणक सांभाळणारा तंत्रज्ञ. नाहीतर हौसेपोटी स्वतःचा कर्नल कंपाइल करायला बसलेला कोणीही. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, जो यंत्राचे भाग आणि आपले प्रोग्राम यांच्यामध्ये बसलेला असतो. त्यात कोणत्या भागाचे ड्रायव्हर घ्यायचे, कोणते गाळायचे, हे कंपाइल करण्याआधी ठरवावं लागतं. उबुंटूच्या तयार कर्नलची ही निवड एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते आणि त्या फाइलला दहा हजारांहून जास्त ओळी असतात. तिथेच माणूस गांगरतो आणि अंदाजाने खुणा करायला लागतो. तो अंदाज थांबवा, एवढंच मला सांगायचं आहे. कोणता ड्रायव्हर हवा हे यंत्राला पक्कं माहीत असतं. त्याला विचारायचं कसं, ते पुढे सांगतो.

सोलापूरकराला या फाइलचा स्वभाव समजावणं अवघड नाही. चादरीवरचा मोर किंवा वेल जकार्डच्या पत्त्यांतल्या भोकांवरून ठरते. पत्त्यात एक भोक चुकलं म्हणून माग थांबत नाही. चुकीची नक्षीही तो तितक्याच इमानाने विणत राहतो. कर्नलचंही असंच. चुकीचा पर्याय निवडला तरी कंपाइल शेवटपर्यंत जातं, कोणी तक्रार करत नाही, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर कळतं की वायफाय गायब आहे.

त्याआधी एक स्पष्ट प्रश्न: तुम्हाला स्वतःचा कर्नल खरंच हवा आहे का? ‘जुना लॅपटॉप फास्ट होईल’ या आशेने करणार असाल तर करू नका. ड्रायव्हर गाळून थोडी जागा वाचते, सुरू व्हायला काही सेकंद कमी लागतात, पण दोन जीबी रॅमचं यंत्र आठ जीबीचं होत नाही. त्यापेक्षा फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, फरक डोळ्यांना दिसेल. नवीन लॅपटॉपचं वायफाय चालत नाही म्हणून करणार असाल, तर आधी तुमच्या वितरणाने, म्हणजे उबुंटू किंवा मिंटने, दिलेला नवा कर्नल टाकून पाहा. उबुंटू आपल्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना असा नवा कर्नल ठरावीक काळाने देतं, आणि बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. शिकायचं असेल, लहान बोर्डावर काही बसवायचं असेल, किंवा वितरणाने बंद ठेवलेला एखादा ड्रायव्हर हवा असेल, तर मात्र जरूर करा. शिकणं हे कारण माझ्या मते सगळ्यांत चांगलं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना हा कर्नल लिहायला घेतला, तो स्वतःच्या हौसेनेच.

आता मुद्द्याकडे. नवी पेठेतून तुम्ही वायफायचं छोटं डोंगल आणता. डब्यावर लिहिलेलं असतं टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूएन७२५एन. मग कर्नलच्या यादीत तुम्ही ‘टीपी-लिंक’ शोधायला लागता. सापडत नाही, कारण कर्नलला डबा कोणाचा याच्याशी देणंघेणं नाही, आत चिप कोणती याच्याशी आहे. याच डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत रियलटेकची ८१८८सीयूएस ही चिप होती, दुसऱ्या आवृत्तीत ८१८८ईयूएस आली. डबा तोच, नाव तेच, किंमतही जवळपास तीच, आणि चिप बदलल्यामुळे ड्रायव्हरची गोष्ट पूर्ण वेगळी. मित्राच्या डोंगलला जो पर्याय चालला तो तुमच्या डोंगलला चालेलच याची खात्री म्हणूनच देता येत नाही. लॅपटॉपचंही तेच. एकाच मॉडेलमध्ये कंपनी कधी इंटेलचं वायफाय कार्ड घालते, कधी रियलटेकचं, कधी ब्रॉडकॉमचं. त्या महिन्यात जे मिळालं ते.

चिपची ओळख पक्की असते ती तिच्या आकड्याने. पीसीआय किंवा यूएसबीवर बसणाऱ्या प्रत्येक भागाला दोन चार-अंकी ओळखी असतात: पहिली बनवणाऱ्या कंपनीची, दुसरी त्या चिपची. हे आकडे सोळाच्या पायावरचे असल्याने त्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. पीसीआयवर ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. इंटेलने ८०८६ हा आकडा घेतला त्यात थोडी मिजास आहे. तो त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा.

आकडे पाहायला पैसे लागत नाहीत. टर्मिनल उघडा. या लेखात आज्ञा मी देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना त्या लहान इंग्रजी अक्षरांत करायच्या. पहिली आज्ञा ‘एलएसपीसीआय -एनएनके’. ती पीसीआयवरचा प्रत्येक भाग, त्याच्या कंसातला आकडा आणि त्याखाली दोन ओळी दाखवते. एका ओळीत सध्या कोणता ड्रायव्हर तो भाग चालवतो आहे ते असतं, दुसरीत कोणती मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरच्या सुट्या फाइली, त्याला चालवू शकतात ते. पहिली ओळ महत्त्वाची. जुन्या डेस्कटॉपवर केबलच्या इंटरनेटसाठी बहुधा १०ईसी:८१६८ दिसेल आणि त्याखाली ‘आर८१६९’ हे ड्रायव्हरचं नाव. आकडा ८१६८ आणि ड्रायव्हर ८१६९, हे पाहून गोंधळू नका. एकच ड्रायव्हर रियलटेकच्या चिपांचं आख्खं खानदान सांभाळतो आणि नाव थोरल्याचं लावतो.

यूएसबीवरच्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’ने आकडे मिळतात आणि ‘एलएसयूएसबी -टी’ने कोणत्या वस्तूला कोणता ड्रायव्हर लागला आहे ते झाडासारखं मांडून दिसतं. दोन्ही आज्ञा चालवा.

हे सगळं करायचं केव्हा? वितरणाचा तयार कर्नल चालू असताना, सगळं नीट चालत असताना. वायफाय गेल्यावर शोधाशोध करायला इंटरनेट कुठून आणणार? तिन्ही आज्ञांचं उत्तर एका फाइलमध्ये साठवा आणि ती फाइल मोबाइलवर पाठवून ठेवा. यंत्रावर लिनक्स नसेल तरी अडत नाही: उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता, याच आज्ञा चालवता येतात. जुना लॅपटॉप विकत घ्यायला जाताना असा पेनड्राइव्ह खिशात ठेवावा. दुकानदाराला आधी विचारा, पाच मिनिटं लावून बघू का? चांगला दुकानदार हरकत घेत नाही. त्या पाच मिनिटांत वायफाय चालतं की नाही हे पैसे देण्याआधी कळतं. काही ब्रॉडकॉम कार्डांना, उदाहरणार्थ बऱ्याच जुन्या लॅपटॉपमधल्या बीसीएम४३१४२ ला, कर्नलमध्ये ड्रायव्हरच नाही. कंपनीचा बंद ड्रायव्हर बाहेरून घ्यावा लागतो. तुम्ही कर्नलच्या यादीत रात्रभर शोधलंत तरी तिथे नसलेली गोष्ट सापडणार नाही.

ड्रायव्हरचं नाव मिळालं. आता ते कर्नलच्या कोणत्या पर्यायाखाली लपलं आहे? सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. ड्रायव्हरचं नाव आणि पर्यायाचं नाव सारखंच असेल असं लोक धरून चालतात. कधी असतं, कधी नसतं. लॅपटॉपच्या वेबकॅमचं मॉड्यूल ‘यूव्हीसीव्हिडिओ’. त्याचा पर्याय मात्र ‘यूएसबी_व्हिडिओ_क्लास’. आता तुम्ही यादीत ‘यूव्हीसी’ शोधलंत तर काहीतरी सापडतंही, पण त्यात दिसतात ते तुमच्या यंत्रालाच दुसऱ्या संगणकाचा कॅमेरा बनवणारे पर्याय, म्हणजे बरोबर उलट काम करणारे. अंदाजाने खूण करणारा माणूस खुशीत तिथे खूण करून पुढे जातो.

खात्रीचा मार्ग असा. कर्नलच्या सोर्समध्ये जवळपास प्रत्येक फोल्डरात ‘मेकफाइल’ नावाची फाइल असते. कोणत्या पर्यायाने कोणतं मॉड्यूल तयार होतं हे तिच्यात लिहिलेलं असतं. सोर्समधल्या सगळ्या मेकफाइलींत ‘ग्रेप’ ही शोधाची आज्ञा लावून मॉड्यूलचं नाव पुढे ‘.ओ’ जोडून शोधा: आर८१६९ साठी ‘आर८१६९.ओ’. जी ओळ सापडेल तिच्यात कंसात ‘कॉन्फिग_आर८१६९’ असं दिसेल. हाच तुमचा पर्याय. वेबकॅमसाठी ‘यूव्हीसीव्हिडिओ.ओ’ शोधलंत की ‘कॉन्फिग_यूएसबी_व्हिडिओ_क्लास’ हाती येतं. अंदाजाला जागाच उरत नाही. एक बारीक गोष्ट: चालू मॉड्यूल दाखवणाऱ्या ‘एलएसमॉड’च्या यादीत मॉड्यूलच्या नावात अधोरेषा दिसते, सोर्समध्ये त्याच जागी कधी जोडरेषा असते. आवाजाचा ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’ मेकफाइलमध्ये जोडरेषांनी लिहिलेला आहे. सापडलं नाही तर दोन्ही प्रकारे शोधून पाहा. कर्नलच्या विकासातलं मोठं नाव असलेल्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००६ च्या आपल्या ‘लिनक्स कर्नल इन अ नटशेल’ या पुस्तकात याच वाटेने जायला शिकवलं होतं. इतकी वर्षं झाली, कर्नलच्या आवृत्त्या कुठल्या कुठे गेल्या, ही वाट अजून चालते.

पर्याय कळला की ‘मेक मेनूकॉन्फिग’ उघडा आणि तिरकी रेघ दाबा. शोधाची चौकट येते. सुरुवातीचं ‘कॉन्फिग_’ सोडून उरलेलं नाव टाका. उत्तरात पर्याय मेनूत कुठे आहे ते दिसतं, आणि बाजूला आकडा असेल तर तो दाबून थेट तिथे जाता येतं. पण उडी मारण्याआधी ‘डिपेंड्स ऑन’ ही ओळ वाचा. ही ओळ न वाचणारे लोक मग म्हणतात, ‘पर्याय आहे म्हणतात, पण मला मेनूत दिसतच नाही!’ दिसणार कसा? तो ज्या पर्यायांवर अवलंबून आहे त्यांतला एखादा बंद असला की कर्नल त्याला मेनूतून लपवतो. ओळीत प्रत्येक नावापुढे त्याची आजची किंमत लिहिलेली असते. ज्याच्यापुढे ‘एन’ आहे, तो आधी चालू करा. नेटवर्कच्या ड्रायव्हरांना कंपनीच्या नावाचं दार असतं: रियलटेकचं दार बंद केलं की रियलटेकचे सगळे ड्रायव्हर आत अडकतात. वायफायसाठी अथेरॉसचा ‘एटीएच९के’ हवा असेल तर अथेरॉसचं दार उघडं हवं आणि ‘मॅक८०२११’सुद्धा चालू हवं.

मेनू टाळून फाइलमध्येच हाताने ओळ लिहिणारे शहाणे असतात. अवलंबून असलेलं काही बंद असेल तर तुमची ती ओळ पुढच्या पायरीत गुपचूप काढून टाकली जाते. म्हणून सगळं झाल्यावर फाइलमध्ये पर्याय खरंच उरला आहे का, ते पुन्हा ‘ग्रेप’ने पाहा.

क्वचित असंही होतं की भाग यंत्रात आहे, आकडा दिसतो, पण त्याला कोणताच ड्रायव्हर लागलेला नाही. मग आकडा घेऊनच कर्नलच्या सोर्समध्ये शोधा. बहुतेक ड्रायव्हर आपल्याला चालणाऱ्या चिपांचे आकडे एका तक्त्यात लिहून ठेवतात. काही ठिकाणी कंपनीचा आकडा नावाने लिहिलेला असतो, तेव्हा दुसरा आकडा एकटाच शोधून पाहा.

आता ‘वाय’, ‘एम’ आणि ‘एन’. वाय म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्येच मिसळलेला, एम म्हणजे वेगळ्या मॉड्यूलमध्ये, लागेल तेव्हा आत घ्यायचा, एन म्हणजे नाही. शंका असेल तिथे एम करा. अपवाद मुख्य डिस्कचा. ती वाचायला लागणारे ड्रायव्हर, म्हणजे साटा डिस्कसाठी एएचसीआय किंवा नव्या एसएसडीसाठी एनव्हीएमई, आणि ईएक्सटी४ ही फाइल व्यवस्था, सुरुवातीच्या क्षणीच हातात लागतात. वितरणं यासाठी इनिटरॅमएफएस नावाची छोटी पुरवणी वापरतात. ती करणार नसाल तर या तिघांना वाय करा. नाहीतर ‘रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही’ अशा अर्थाचा पॅनिक येऊन यंत्र तिथेच थांबेल. ज्या वायफाय किंवा ग्राफिक्सला फर्मवेअरची वेगळी फाइल लागते, त्यांना उलट एम करणं सोयीचं. वाय केलं तर ड्रायव्हर डिस्क उघडण्याआधीच जागा होतो, फर्मवेअर शोधतो आणि ते मिळत नाही. ड्रायव्हर बरोबर असून वायफाय दिसत नसेल तर ‘डीमेसेज’ (डीएमईएसजी) या आज्ञेने दिसणारे कर्नलचे संदेश वाचा. फर्मवेअर सापडलं नाही अशी ओळ असेल तर कर्नलला हात लावू नका, ‘लिनक्स-फर्मवेअर’ नावाचं पॅकेज टाका.

एवढं सगळं एकेका भागासाठी करायचं का? नाही. स्टीव्हन रोस्टेड यांनी यासाठी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ लिहिलं आणि २००९ च्या अखेरीस २.६.३२ या आवृत्तीपासून ते कर्नलसोबत येतं. वितरणाच्या कर्नलची फाइल बूट फोल्डरमध्ये असते. ती सोर्समध्ये आणून ‘.कॉन्फिग’ या नावाने ठेवायची आणि ही आज्ञा द्यायची. आत्ता या घडीला जी मॉड्यूल चालू आहेत तेवढीच ती ठेवते, बाकीची गाळते. हजारोंची यादी शे-दोनशेवर येते आणि कंपाइलचा वेळ कितीतरी कमी होतो.

पण ‘आत्ता या घडीला’ हे शब्द नीट वाचा. जी वस्तू त्या वेळी लावलेली नव्हती, तिचा ड्रायव्हर गेला. म्हणून ही आज्ञा देण्याआधी घरातलं, दुकानातलं सगळं यंत्राला लावा. प्रिंटर, वेबकॅम, बारकोडचा स्कॅनर. पेनड्राइव्ह नुसता लावून थांबू नका, तो उघडा. कारण फॅट प्रकारचा पेनड्राइव्ह उघडायला अक्षरतक्त्यांची छोटी मॉड्यूल लागतात आणि ती गळाली तर पेनड्राइव्ह दिसतो पण उघडत नाही. मोबाइलवरून यूएसबीने इंटरनेट घेत असाल तर तेही एकदा सुरू करा. त्यासाठी ‘आरएनडीआयएस_होस्ट’ लागतो, आणि वायफाय बिघडल्यावर तोच तुमचा शेवटचा आधार असतो.

आणि वजनकाटा. आपल्या जिल्ह्यात या वस्तूला विसरून चालणार नाही. सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की गाड्यांची रांग लागते. जिल्ह्यात साखर कारखाने इतके की उसाच्या हंगामात वजनकाट्यांना उसंत नसते. काट्याचा डिस्प्ले जुन्या सिरीयल पोर्टने बोलतो, आणि संगणकाला सिरीयल पोर्ट उरलेला नसतो. मधे येते ती यूएसबी-टू-सिरीयल केबल. तिच्या टोकातल्या प्लास्टिकमध्ये चिप असते. ‘एलएसयूएसबी’त ०६७बी:२३०३ दिसलं तर प्रोलिफिकची, पर्याय ‘यूएसबी_सिरीयल_पीएल२३०३’. १ए८६:७५२३ दिसलं तर सीएच३४०, पर्याय ‘यूएसबी_सिरीयल_सीएच३४१’. दोन्ही ‘यूएसबी_सिरीयल’ या मोठ्या पर्यायाखाली येतात आणि तो बंद असेल तर दिसणारच नाहीत. प्रोलिफिकच्या नकली चिपा बाजारात फार. विंडोजचा नवा ड्रायव्हर त्या ओळखून काम नाकारतो, लिनक्सवर त्यांतल्या बऱ्याच मुकाट्याने चालतात. याचं श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा.

सीएच३४० च्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा. उबुंटू २२.०४ मध्ये ड्रायव्हर बरोबर असतो, केबल लावली की क्षणभर दिसते आणि गायब होते. माणूस कर्नलचे पर्याय उलटेपालटे करत बसतो. दोष कर्नलचा नसतो. दृष्टिहीनांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम याच आकड्याला आपलं यंत्र समजून ताब्यात घेतो. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर तो काढला की केबल जागेवर येते. केबल दिसते पण प्रोग्रामला उघडता येत नाही, असं असेल तर वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात आहे का ते पाहा. तिथेही कर्नलचा संबंध नाही.

मात्र चालू काट्याच्या संगणकावर हे प्रयोग करू नका. गाड्या उभ्या, हमाल ताटकळलेले, शेतकरी वजनाची वाट पाहतो आहे आणि तुम्ही मेनूकॉन्फिगमध्ये, ही वेळ कोणावर आणू नये. दुसरं यंत्र घ्या, तिथे केबल लावून आकडा आणि पर्याय पक्का करा, मग बघू.

आवाज आणि टचपॅड या दोन गोष्टींत एक ड्रायव्हर पुरत नाही. आवाजाचा ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’ फक्त वाहतुकीचं काम करतो. प्रत्यक्ष स्पीकरपर्यंत पोचवणारा कोडेक वेगळा, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो रियलटेकचा असतो. कोडेकचा पर्याय राहिला तर साउंड कार्ड दिसतं पण आवाज नीट येईलच असं नाही. नव्या लॅपटॉपचे टचपॅड आय२सीवर बसतात. ते एलएसपीसीआयमध्ये स्वतःच्या नावाने दिसत नाहीत, आणि त्यांना आय२सीचा कंट्रोलर, पिनकंट्रोल आणि ‘आय२सी_एचआयडी_एसीपीआय’ अशी साखळीच लागते. एक कडी तुटली की टचपॅड मुका. इथे डोकं लढवू नका. लोकलमॉडकॉन्फिगने ठेवलेलं तसंच राहू द्या.

कंपाइलच्या वेळच्या अडचणी थोडक्यात. उबुंटूची फाइल जशीच्या तशी वापरली तर ‘कॅनॉनिकल-सर्ट्स’ सापडत नाही म्हणून काम अडतं. ‘सिस्टिम_ट्रस्टेड_कीज’ हा पर्याय रिकामा करा, आणि पुढे रिव्होकेशनच्या कीजबद्दल तशीच तक्रार आली तर तोही. डीबगची माहिती बंद करा, नाहीतर डिस्कवर कित्येक जीबी जागा खाल्ली जाते. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला तुमचा कर्नल सुरूच होणार नाही. जुन्या दोन-कोअर यंत्रावर कंपाइलला तासच्या तास लागतात, आणि एप्रिल-मेमधल्या आपल्या दुपारी लॅपटॉप आधीच तव्यासारखा तापलेला असतो. रात्री लावा, किंवा मित्राच्या तगड्या यंत्रावर ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने पॅकेज बनवून आणा. वीज गेली तर घाबरू नका, तीच आज्ञा पुन्हा दिली की झालेलं काम बहुतेक पुन्हा करावं लागत नाही. आणि जुना कर्नल कधीही काढू नका. यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत तो असू द्या. नवा रुसला की तो निवडून यंत्र दोन मिनिटांत उभं राहतं.

मदत मागायची वेळ आली तर ‘वायफाय चालत नाही, अर्जंट’ असं लिहून स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवू नका. चार गोष्टी मजकुरात द्या: भागाचा आकडा, ‘यूनेम -आर’ने दिसणारी कर्नलची आवृत्ती, आधीच्या कर्नलवर कोणता ड्रायव्हर चालत होता ते, आणि डीमेसेजमधल्या संबंधित ओळी. एवढं दिलं तर उत्तर देणाऱ्याला परत चार प्रश्न विचारावे लागत नाहीत. बऱ्याचदा तर हे लिहिता लिहिताच उत्तर तुमचं तुम्हालाच दिसतं.

कॉलेजांतल्या लॅब सांभाळणाऱ्यांना एक वेगळी विनंती. प्रत्येक लॅबमध्ये एकाच खरेदीची वीस-तीस यंत्रं असतात. त्या खेपेच्या भागांचे आकडे, ड्रायव्हर आणि पर्याय असा एक कागद करून भिंतीवर लावा. सोलापुरात एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं बसतात; हा कागद सगळ्यांना सारखाच वाचता येईल. ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय शिकवताना पहिल्या प्रात्यक्षिकात मुलांकडून हाच कागद करून घेतला तर आणखी चांगलं. कर्नल म्हणजे काय याची व्याख्या पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या यंत्राचा आकडा शोधून त्याचा पर्याय गाठणं मुलांच्या जास्त लक्षात राहील.

कर्नलची नवी आवृत्ती आली की जुनी फाइल घेऊन ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवता येतं. नव्या पर्यायांना ते ठरलेली किंमत देऊन टाकतं. तेव्हा आपली जुनी यादी काढून एकेक पर्याय अजून आहे का ते तपासा, कारण पर्याय मरतात आणि बदलतात. वर सांगितलेल्या डोंगलच्या ८१८८ईयूएस चिपसाठी कर्नलच्या स्टेजिंग विभागात ‘आर८१८८ईयू’ नावाचा ड्रायव्हर होता. तो काढून टाकला आणि ती चिप ‘आरटीएल८एक्सएक्सएक्सयू’कडे दिली. ज्यांच्या फाइलमध्ये जुनं नाव होतं त्यांची ती ओळ नव्या आवृत्तीत कसलीही सूचना न देता गळली. आकडा मात्र तोच राहिला, ०बीडीए:८१७९. असं झालं की तो आकडा घेऊन पुन्हा सोर्समध्ये शोधायचं, मग मेकफाइल, मग मेनू.